प्रकाशाचा कारागीर : कलामहर्षी बाबूराव पेंटर

चलच्चित्रणाची कला भारतात आली ती पेटाऱ्यात बंद होऊन, बोटीने. कॅमेरा परदेशी, भिंग परदेशी, कच्ची फिल्म परदेशी आणि ते सारे वापरण्याचे शिक्षणही परदेशी. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणली आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांपुढे ठेवला. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत दक्षिण महाराष्ट्रातील एका संस्थानी नगरात, परदेशाचे तोंडही न पाहिलेल्या एका चित्रकाराने चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः घडवला. त्याने तो केवळ हौसेखातर घडवला नव्हता. त्याला जो प्रकाश दिसत होता, तो पडद्यावर आणण्यासाठी यंत्र हवे होते आणि ते विकत घेण्याची ऐपत नव्हती. या चित्रकाराचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखते.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम अशा अनेक कामांत निष्णात होते. शाळेतील शिक्षण बाबूरावांच्या वाट्याला फारसे आले नाही. कलाशाळेचे तर मुळीच नाही. परंतु ज्या घरात पटाशी, कानस आणि कुंचला एकाच फळीवर ठेवलेले असत, त्या घरातील मुलाला हात आणि डोळा यांचे नाते वेगळे शिकवावे लागत नाही. पुढे त्यांच्या चित्रपटांत जे काही श्रेष्ठ उतरले, त्याचे मूळ या दुहेरी वारशात शोधावे लागते. यंत्र त्यांना परके वाटत नव्हते आणि रंगही.

त्या काळचे कोल्हापूर समजून घेतल्याशिवाय बाबूराव समजत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे गायक, मल्ल, नट, चित्रकार यांची तेथे मांदियाळी जमली होती. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे, केशवराव भोसले यांचे नाटक आणि आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे एकाच गावात अनुभवता येत होती. आबालालांच्या जलरंगांत पंचगंगेच्या काठचा जो हळुवार प्रकाश उतरला आहे, तो पाहिला की या गावातून छायाचित्रणाचे एक संपूर्ण घराणे का निर्माण झाले याचे अर्धे उत्तर मिळते.

बाबूराव आणि त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव यांनी प्रथम नाव मिळवले ते नाटकांचे पडदे रंगवून. संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी रंगभूमी यांसाठी त्यांनी महाल, उपवने, राजमार्ग यांचे पडदे रंगवले. या व्यवसायावरूनच ‘पेंटर’ हे नाव दोघांनाही चिकटले. सपाट कापडावर खोली भासवणे हे त्या कामाचे मर्म. खांबांची ओळ मागे मागे लहान होत गेली पाहिजे, खिडकीतून येणारा उजेड एकाच बाजूने आलेला दिसला पाहिजे, आणि रंगमंचावरील दिव्यांनी तो भास मोडता कामा नये. पुढे या माणसाने चित्रपटातून रंगीत पडदेच हद्दपार केले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वर्षांचे महत्त्व कळते. खोटी खोली कशी निर्माण होते हे ज्याला पुरते ठाऊक होते, त्यालाच खऱ्या खोलीची भूक लागली.

फाळके यांच्या चित्रपटाने या दोघा बंधूंना झपाटले. त्यांनी प्रक्षेपणयंत्र मिळवले, चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करून पाहिला आणि त्याबरोबरच स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. तो काळ पहिल्या महायुद्धाचा होता. परदेशी माल दुर्मीळ आणि महाग झालेला. आनंदरावांनी कॅमेऱ्याच्या जुळणीला हात घातला. परंतु १९१६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. अर्धवट राहिलेले काम बाबूरावांच्या हाती आले. त्यांना साथ मिळाली विष्णुपंत दामले यांची. यंत्रांची विलक्षण जाण असलेले दामले पुढे ‘संत तुकाराम’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक म्हणून देशभर ओळखले गेले.

हे काम किती अवघड होते, याची कल्पना आजच्या वाचकाला सहज येणार नाही. चित्रीकरणाचा कॅमेरा म्हणजे भिंग लावलेली पेटी नव्हे. त्यात ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म सतत सरकत असते, पण सलग नव्हे. एक आकडा फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकतो, चार छिद्रांइतकी फिल्म खाली ओढतो आणि सोडतो. त्या क्षणी फिल्म पूर्ण स्थिर राहावी लागते. तेवढ्यात भिंगामागील फिरती झडप उघडते, प्रकाश आत येतो, झडप मिटते आणि पुन्हा ओढ. हे सारे हाताने दांडा फिरवून, सेकंदाला सुमारे १६ वेळा. आकड्याच्या चालीत केसाइतका फरक पडला तरी पडद्यावर डोंगर थरथरू लागतात. पेटीला सुईच्या अग्राएवढे भोक राहिले तरी फिल्म काळी पडते. प्रक्षेपणयंत्राची अंतर्गत चालही याच तत्त्वावर बेतलेली असते. ते यंत्र ज्याने खोलून पाहिले आहे, त्याला कॅमेऱ्याचे रहस्य अर्धे उलगडलेले असते. उरलेले अर्धे मात्र कानस, लेथ आणि धीर यांच्या बळावरच मिळवावे लागते. १९१८ मध्ये हा कॅमेरा तयार झाला. भारतीय हातांनी घडवलेला चित्रीकरणाचा पहिला कॅमेरा म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे उभा असलेला कॅमेरा स्तंभ त्याच पराक्रमाची खूण आहे. त्याखालून रोज जाणाऱ्या किती जणांना ती ओळखता येते, हा प्रश्न वेगळा.

त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन झाली. भांडवल उभे राहिले ते तानीबाई कागलकर यांच्या साहाय्याने. पुढे मराठी चित्रपटसृष्टीचा कणा बनलेल्या या संस्थेच्या पायाशी एका स्त्रीने विश्वासाने दिलेला पैसा आहे, ही गोष्ट इतिहासात बहुधा एका ओळीत उरकली जाते.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. तो १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. द्रौपदीच्या अज्ञातवासाची ही कथा महाराष्ट्राला नवी नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने बंदी घातल्याची आठवण अजून ताजी होती. बाबूरावांच्या चित्रपटातील भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि अखेरीस तो प्रसंग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्यांचे निधन झाले.

या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पडद्यावर अनुक्रमे कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी आल्या. फाळके यांना तारामतीच्या भूमिकेसाठी पुरुष नट घ्यावा लागला होता, हे ध्यानात घेतले तर या दोघींच्या धैर्याचे मोल कळते. समाजाने त्यांना सन्मानाने वागवले नाही. बाबूरावांच्या आग्रहामागे सुधारणेचा विचार कितपत होता हे सांगता येणार नाही. पण चित्रकाराच्या नजरेचा भाग त्यात नक्कीच होता. मिशी काढलेल्या पुरुषाचा चेहरा रंगमंचाच्या दुरून खपून जातो, कॅमेऱ्याच्या जवळून खपत नाही.

येथून पुढची आठ-नऊ वर्षे म्हणजे बाबूरावांच्या कर्तृत्वाचा ऐन माध्यान्ह. ‘सुरेखाहरण’, ‘वत्सलाहरण’, ‘सिंहगड’, ‘कल्याण खजिना’, ‘मुरलीवाला’, ‘सती सावित्री’ असे चित्रपट कोल्हापुरातून एकामागून एक बाहेर पडले. परंतु चित्रपटांची यादी देण्यापेक्षा त्यांनी प्रकाशाचे काय केले, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

त्या काळची फिल्म आंधळीच म्हणावी लागेल, निदान अर्धी. तिला निळा रंग दिसे, तांबडा दिसत नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक येई आणि कुंकू काळे. भगवा झेंडा, शेंदूर, उन्हाने रापलेली कातडी हे सारे अंधारात जाई. ज्या देशात रंगांचा अर्थ पावलोपावली बदलतो, त्या देशात ही मोठीच अडचण. पाश्चात्त्य छायालेखक रंगभूषेने आणि पोशाखांच्या छटांनी तिच्यावर मात करत. बाबूरावांनी भिंगापुढे रंगीत काचा धरून या विषमतेवर ताबा मिळवण्याचे प्रयोग केले. रंगवलेल्या चित्राला करड्या छटांत कसे पाहावे, हे त्यांना उपजतच कळत असावे. चित्रीकरणापूर्वी ते प्रसंगांची रेखाचित्रे काढत; पात्र कोठे उभे राहील, पोशाख कसा असेल, हे कागदावर आधी ठरे. आज या पद्धतीला चित्रपटाच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र प्रकरण असते. बाबूरावांच्या लेखी ती चित्रकाराची साधी सवय होती.

दुसरा प्रयोग दृश्ये जोडण्याचा. मूकपटाच्या आरंभी एक प्रसंग संपून दुसरा सुरू होई तो धक्क्यानेच. बाबूरावांनी चित्रण चालू असतानाच कॅमेऱ्यात प्रकाश हळूहळू कमी करत दृश्य अंधारात विरवण्याची आणि पुढचे दृश्य अंधारातून उमलवण्याची पद्धत बसवली. हे काम प्रयोगशाळेत मागाहून करायचे नव्हते. एका हाताने दांडा समगतीने फिरवत दुसऱ्या हाताने प्रकाश आवळायचा, आणि चूक झाली तर सारा प्रसंग पुन्हा. हाताचे असे काम ज्याने केले आहे, तो कॅमेऱ्याकडे केवळ यंत्र म्हणून पाहू शकत नाही.

तिसरी गोष्ट नेपथ्याची. स्वतः पडदे रंगवण्यात नाव कमावलेल्या या माणसाने रंगीत पडद्यांऐवजी घन, वावरण्याजोगे देखावे उभारले. खऱ्या भिंतीवर खरी सावली पडते. रंगवलेल्या भिंतीवर सावली आधीच रंगवलेली असते आणि सूर्य कलला की ती खोटी ठरते. तोवरचे बहुतेक चित्रीकरण उघड्यावर, सूर्यप्रकाशात होत असे. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये मात्र तानाजीची रात्रीची चढाई दाखवायची होती. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटासाठी बाबूरावांनी विजेच्या प्रखर दिव्यांचा आधार घेतला. कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण करण्याचा हा भारतातील अगदी आरंभीचा प्रयत्न. रात्र दाखवायची म्हणजे अंधार दाखवायचा नव्हे, अंधारात काय दिसते ते दाखवायचे, हे ज्ञान त्यांना कोणी दिले नव्हते. याच चित्रपटात शेलारमामाच्या भूमिकेत एक तरुण होता. त्याचे नाव शांताराम वणकुद्रे. पुढे सारा देश त्यांना व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागला.

प्रसिद्धीच्या बाबतीतही बाबूराव काळाच्या पुढे होते. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका त्यांनी काढल्या, भित्तिपत्रके स्वतः रंगवली. ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते. चित्रपट गेला आणि त्याची जाहिरात उरली, असा हा विचित्र न्याय.

१९२५ मध्ये आला ‘सावकारी पाश’. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरील हा चित्रपट म्हणजे बाबूरावांच्या प्रतिभेचे शिखर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्यांनी तो मूळ रूपात पाहिला त्यांच्या आठवणीही तेच सांगतात. कर्जाच्या खोट्या कागदापायी शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात गिरणीमजूर होतो, एवढीच कथा. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते. या चित्रपटातील एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात पुढे अनेक वर्षे राहिले : मंद, जवळजवळ विझत आलेल्या उजेडातील एक झोपडी आणि रडणारा कुत्रा. मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू येत नाही. ते ऐकू आल्यासारखे वाटले, तर श्रेय प्रकाशाचे. जेथे इतर जण पडदा जितका उजळ तितका चांगला असे समजत होते, तेथे या माणसाने दारिद्र्य दाखवण्यासाठी उजेड काढून घेतला.

प्रेक्षकांनी या चित्रपटाला डोक्यावर घेतले नाही. पौराणिक आणि ऐतिहासिक कथांना सरावलेल्या लोकांना आपल्याच घरचे दुःख पैसे देऊन पाहण्याची तेव्हा सवय नव्हती. बाबूराव पुन्हा जुन्या विषयांकडे वळले. जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची आठवण हिंदी चित्रपटाला ठळकपणे झाली ती बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये, १९५३ साली. तेव्हा बाबूरावांच्या आयुष्याचे जेमतेम एक वर्ष उरले होते.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही शाळाच होती. मात्र तेथे पाठ दिले जात नसत. बाबूराव मितभाषी. शिष्यांनी पाहावे, हातात पडेल ते काम करावे आणि त्यातून उचलावे. शांताराम तेथे रंगारी, नट, साहाय्यक असे सर्व काही झाले. दामले आणि फत्तेलाल कॅमेरा, रसायनशाळा आणि कलादिग्दर्शन यांत तयार झाले, केशवराव धायबर छायालेखनात. अशा शाळेत एक दिवस असा येतो की विद्यार्थ्यांना गुरूचा वेग पुरेनासा होतो. मनासारखा योग जुळल्याशिवाय काम सुरू न करणे हा बाबूरावांचा स्वभाव होता; कलेच्या दृष्टीने तो गुण, कंपनीच्या हिशेबवहीच्या दृष्टीने दोष. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. तीही कोल्हापुरातच, गुरूच्या उंबरठ्यापासून हाकेच्या अंतरावर. शिष्यांच्या या निर्णयाला कृतघ्नपणा म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ते गेले नसते तर ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘संत तुकाराम’ झाले नसते. तरीही ज्यांना हाताला धरून घडवले, ते सारे एकदम निघून गेल्यावर त्या रिकाम्या स्टुडिओत बाबूरावांना काय वाटले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मूकपटाचे युग संपले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे कामही त्याच सुमारास थांबले. बोलपटाने छायालेखकाला काही काळ जखडून टाकले. कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो झाकून ठेवावा लागे, नटांनी ध्वनिग्राहकाभोवती उभे राहावे लागे. ज्याची सारी भाषा सावलीची, त्याला शब्दांची ही गर्दी मानवली नसावी. बाबूरावांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ आणि ‘सावकारी पाश’ची बोलकी आवृत्ती (१९३६) असे चित्रपट शालिनी सिनेटोनसाठी केले. ‘प्रतिभा’ (१९३७) मधील काही दृश्ये त्यांच्या जुन्या सामर्थ्याची साक्ष देतात; पण चित्रपटसृष्टीचे केंद्र आता त्यांच्या हातून निसटले होते. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’साठी शांताराम यांनी त्यांना आपल्या राजकमल संस्थेत दिग्दर्शनासाठी बोलावले, तो चित्रपट अखेर गुरू आणि शिष्य या दोघांच्या नावे पडद्यावर आला. १९५२ मधील ‘विश्वामित्र’ हा त्यांचा अखेरच्या काळातील चित्रपट.

मधल्या सर्व वर्षांत चित्रकला आणि शिल्पकला मात्र सुटली नव्हती. तैलरंगातील त्यांची व्यक्तिचित्रे आणि कल्पनाचित्रे पाहिली की त्यांच्या चित्रपटांतील प्रकाश कसा असेल याचा अंदाज बांधता येतो. अंधूक, धुक्यातून गाळून आल्यासारखा उजेड, कडा विरघळलेल्या आकृती, आणि चेहऱ्यावर एकाच बाजूने आलेली झळाळी. हा अंदाजच बांधावा लागतो, कारण चित्रपट उरलेले नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती सहज पेट घेई, ओल लागली की कुजे, आणि प्रदर्शन संपल्यावर तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी विकलीही जाई. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. बाबूरावांचे १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात निधन झाले त्याला तेव्हा दहा वर्षे होऊन गेली होती. त्यांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे काही तुकडे हाती लागले. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, आणि १९२५ चा ‘सावकारी पाश’ही नाही. त्या झोपडीतला उजेड आता ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणींतच आहे.